प्रकाशाने टिपलेली वाद्ये

संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक अडचण कायमची उभी असते. वाजवलेला स्वर त्याच क्षणी विरून जातो. एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र सिद्ध केले ते १८७७ साली आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रिकांसाठी गाणी टिपण्यास प्रारंभ झाला तो १९०२ साली कलकत्त्यात. त्यापूर्वीचे बहुतेक सारे गायन-वादन आज कोणालाही ऐकता येत नाही. जे उरले आहे ते वाद्यांच्या रूपाने : लाकूड, भोपळा, कातडे, पितळ आणि तार यांच्या रूपाने. आणि ही वाद्येही नाशवंत आहेत. वाळवी लागते, दमट हवेने सांधे सुटतात, वारस उदासीन असले की भंगारवाला तराजू घेऊन दारात उभा राहतो. अशा वेळी वाद्याचे चांगले छायाचित्र हा इतिहासाचा दस्तऐवज ठरतो. जन्माच्या दाखल्याइतकाच तो जपून ठेवण्यासारखा असतो.

मुंबईहून कल्याणमार्गे घाटाकडे निघालेल्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे एकापाठोपाठ एक येतात. छायाचित्रण आणि वाद्ये यांचा विचार करताना या तीन गावांकडे पाहणे उद्बोधक ठरते. छायाचित्रणकलेच्या बाल्यावस्थेतच अंबरनाथला कॅमेरा येऊन पोहोचला होता. उल्हासनगरात एक अख्खा समाज आपली भूमी मागे टाकून आणि आपले संगीत मनात घेऊन येऊन वसला. आणि या पट्ट्यातील आपल्या धर्मग्रामांत गोवा, मंगळूर, वसई, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), तामिळनाडू, केरळ अशा नाना ठिकाणांहून पोटासाठी आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या माळ्यावर, कपाटावर आणि पलंगाखाली कोणती वाद्ये निपचित पडून आहेत याची मोजदाद अद्याप व्हायची आहे.

अंबरनाथची साक्ष

वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले अंबरनाथचे शिवमंदिर कोकणच्या शिलाहार राजवटीतील आहे. काळ्या पाषाणाचे, भूमिज शैलीचे हे मंदिर छित्तराजाच्या काळी सुरू झाले व त्याचा भाऊ मुम्मुणी ऊर्फ माम्वाणिराजा याच्या कारकिर्दीत पूर्ण झाले, असे अभ्यासक मानतात. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आतील बाजूस एक शिलालेख आहे. त्यातील शकाचा आकडा प्रारंभी ७८२ असा वाचला गेला. पुढील अभ्यासकांनी तो ९८२ असल्याचे दाखवून दिले, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले!

हा प्रसंग आपल्या विषयाला फार जवळचा आहे. कोरीव अक्षर हे मुळात खोलगट भाग आणि उंचवटे यांचा खेळ असतो. दगडाचा रंग सर्वत्र सारखाच. त्यामुळे समोरून सरळ प्रकाश टाकला तर अक्षर पुसल्यासारखे दिसते. तोच प्रकाश अगदी कडेने, पृष्ठभागाला घासून गेल्यासारखा टाकला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर जागे होते. दाराच्या आतल्या बाजूस तर सूर्यकिरण पोहोचणेच दुर्घट. म्हणूनच पुराभिलेखाचे अभ्यासक ओला कागद दाबून ठसे घेत आले आणि पुढे तिरक्या प्रकाशात छायाचित्रेही घेऊ लागले. सारंगीच्या पोटावरील नक्षी, व्हायोलिनच्या मानेवरील कोरीव गुंडाळी किंवा पितळी कर्ण्यावर ठोकलेले कारागिराचे नाव टिपायचे असेल तेव्हाही नियम हाच.

१८६८ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉर्ज टेरी हे आपल्या विद्यार्थ्यांसह अंबरनाथला आले. मंदिराची रेखाटने करणे, शिल्पांचे साचे घेणे आणि छायाचित्रे काढणे हे त्यांचे काम होते. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालीच सुरू झालेला असल्याने मुंबईहून सामान आणणे पूर्वीइतके कष्टाचे राहिले नव्हते. सरकारी खर्चाने एखाद्या वास्तूची अशी तिहेरी नोंद करण्याचे हिंदुस्थानातील हे आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. पुढे १८७४ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकातून या मंदिराची माहिती चित्रांसह विद्वानांसमोर आली.

टेरी यांच्या पथकाने रेखाटन, साचा आणि छायाचित्र ही तिन्ही साधने एकत्र वापरली, यातून एक धडा घेण्याजोगा आहे. रेखाटन मोजमाप सांगते, साचा घनता सांगतो आणि छायाचित्र क्षणाचा पुरावा देते. एकाच साधनावर विसंबून राहिलो तर काहीतरी निसटते. वाद्याची नोंद करतानाही छायाचित्राबरोबर मोजपट्टी आणि लेखी टिपण हवेच.

काचेच्या पत्र्यावरचा अंधार

दागेर याने आपली छायाचित्रणपद्धती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर केली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः नावाजलेले छायाचित्रकार होते. एतद्देशीयांनी ही कला किती त्वरेने आत्मसात केली याचे हे उदाहरण आहे.

त्या काळी प्रचारात होती ती १८५१ साली फ्रेडरिक आर्चर याने दिलेली ओल्या काचेची पद्धत. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. लगेच काळोख्या तंबूत जाऊन ते उठवायचे. थर वाळला की काच निकामी. मुंबई-ठाण्याच्या उन्हाळ्यात हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना करावी.

परंतु वाद्यांच्या दृष्टीने त्या काचेचा दोष निराळाच होता. तिला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा दिसे. पिवळा, नारिंगी, तांबडा जवळजवळ दिसत नसे. वाद्ये तर नेमकी याच रंगांची! तुणाच्या लाकडावरील लाखेचा तांबूस रंग, पिकल्या भोपळ्याचा पिवळेपणा, पितळेची झाक, तांब्याचा डग्गा, हे सारे त्या काचेवर काळवंडून जाई. म्हणून जुन्या छायाचित्रांत वादकाच्या मांडीवरील सतार एखाद्या कोळशाच्या तुकड्यासारखी दिसली, तर तो वाद्याचा रंग होता असे समजू नये. काचेची दृष्टी अपुरी होती, एवढाच त्याचा अर्थ. १८७३ साली जर्मन रसायनतज्ज्ञ फोगेल याने काही रंगद्रव्ये मिसळून काचेची दृष्टी हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढवता येते हे शोधून काढले आणि सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या.

कॅप्टन चार्ल्स रसेल डे या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थान आणि दख्खन येथील संगीत व वाद्ये यांवर १८९१ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. छायाचित्रणाला पन्नास वर्षे झाली होती, तरी त्यातील वाद्यांची मुख्य चित्रे विल्यम गिब या चित्रकाराने रंगवलेली आहेत आणि ती शिळाछापाने रंगांत छापलेली आहेत. वीणेवरील हस्तिदंती काम, सोनेरी वेलबुट्टी, लाखेची झळाळी हे सारे त्या चित्रांत उतरले आहे. त्या काळचा कॅमेरा हे करू शकला नसता. डे पुढे १९०० साली दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात मारला गेला. पण त्याचा ग्रंथ आजही वाद्यांच्या अभ्यासकांना आधारभूत वाटतो. चित्र काळजीपूर्वक केले असले म्हणजे ते करणाऱ्याच्या पश्चातही साक्ष देत राहते.

हेच काम संग्रहाच्या रूपाने महाराष्ट्रात ज्यांनी केले त्यांत पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९६ साली जन्मलेल्या या गृहस्थाने आपल्या अकाली निवर्तलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मृत्यर्थ वस्तुसंग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. दिवे, अडकित्ते, दरवाजे यांच्याबरोबर तेथे वाद्यांचा मोठा संग्रह आहे. गावोगाव हिंडून, घरोघरी विनवण्या करून त्यांनी या वस्तू जमविल्या. ज्या वस्तू त्यांच्या हाती लागल्या नाहीत, त्यांपैकी पुष्कळांची साधी तसबीरही आज कोठे नाही.

बॅरॅकींतले संगीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारण्यात आली. युद्ध संपले, फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या ओसाड बॅरॅकींत आसरा दिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जुनी माणसे आजही तिला ‘कॅम्प’ म्हणतात आणि पत्त्यात कॅम्पचा क्रमांक लिहितात.

सिंधच्या लोकसंगीतातील वाद्ये ऐकून ठेवण्यासारखी आहेत. दोन बासऱ्या एकाच वेळी तोंडात धरून वाजवायचा अलगोझा, हातभर लांबीचा नड, भाजलेल्या मातीचा पोकळ चेंडूसारखा बोरिंदो, गजाने वाजवायचा सुरंदो, फकिरांच्या हातातला यकतारो. भगत नावाच्या प्रकारात घोळदार झगा घालून, पायांत घुंगरू बांधून गायक रात्ररात्र गात आणि नाचत असे. १९३९ साली हत्या झालेले संत कंवरराम हे या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय नाव. त्यांच्या स्मृतीचा आदर उल्हासनगरात आजही केला जातो.

घर सोडताना माणूस काय उचलतो? दागिने, कागदपत्रे, धर्मग्रंथ, लहान मुले. बोटीत वा आगगाडीत मातीचा बोरिंदो कोण जपणार? गाणी कंठात बसून आली; वाद्ये बहुतांशी मागे राहिली किंवा येथील बाजारात मिळणाऱ्या पेटी-ढोलकीने त्यांची जागा घेतली. ज्या कुटुंबापाशी तिकडच्या वाद्याचे एखादे छायाचित्र उरले असेल, त्याच्यापाशी एका हरवलेल्या गावाचा तुकडा आहे असे म्हणावे लागेल. स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक समाजाने यातून बोध घ्यावा. आपणही बहुतेक सारे या तीन गावांत बाहेरूनच आलो आहोत.

आपल्या मंदिरांतील वाद्ये

ख्रिस्तसभेच्या उपासनेत कोणत्या वाद्यांना स्थान असावे या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली काढलेल्या पत्रकात ऑर्गनला मान्यता दिली. पियानो आणि ढोल-झांजांसारख्या दणदणाटी वाद्यांना मंदिरात मज्जाव केला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात नळ्यांच्या ऑर्गनचा गौरव कायम ठेवूनही, पवित्र कार्याला साजेशी अन्य वाद्ये धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्याची मुभा दिली. लोकभाषेतील उपासना त्याच सुमारास आली आणि पाठोपाठ पेटी, तबला, ढोलकी, टाळ ही मराठी मातीतील वाद्ये वेदीच्या जवळ येऊन बसली.

पेटीचे उदाहरण तर मोठे रंजक आहे. हार्मोनियम मुळात युरोपचे; पॅरिसच्या देबें याने १८४२ साली त्याचे हक्क नोंदविले. पायाने भाता हलवायच्या त्या वाद्याला हिंदी कारागिरांनी मांडी घालून बसता येईल असे रूप दिले आणि भाता डाव्या हाताकडे सोपविला. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला वाळीत टाकले होते, तरी भजनी मंडळात, नाटकात आणि चर्चच्या गायनवृंदात ती टिकून राहिली. आज मात्र विजेवर चालणाऱ्या कीबोर्डने तिची जागा घेतली आहे. भाता फाटलेल्या पेट्या कोठीच्या खोलीत जातात आणि तेथून पुढच्या रंगकामाच्या वेळी कोठे जातात हे कोणी विचारीत नाही.

घुमटाची कथा अशीच. मडक्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेले हे वाद्य गोव्यातील मांड्यांवर आणि मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन लग्नघरांत वाजत आले. त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वर्ज्य झाले आणि बकऱ्याचे कातडे आले; गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले. जुन्या घुमटाचे कातडे कसे होते, मडक्याच्या कडेला ते कसे आवळले होते, हे सांगणारी जवळून घेतलेली छायाचित्रे या परिवर्तनाचा पुरावा ठरतील. वरातीच्या गर्दीत पुसटसे दिसणारे घुमट त्यासाठी पुरेसे नाही.

आणि वसईच्या घंटा! मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. त्यानंतर पोर्तुगीज मुलखातील अनेक चर्चघंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. वाईजवळील मेणवलीला १७०७ सालची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे वर्ष आहे. या घंटांचा माग काढणाऱ्या अभ्यासकांचे मुख्य साधन छायाचित्र हेच राहिले आहे, कारण घंटा उतरवून नेता येत नाही. ओतीव अक्षरे उठावाची असतात आणि गोल पृष्ठभागावर फिरत जातात. एका चित्रात ती मावत नाहीत. घंटेभोवती थोडे थोडे सरकत, प्रकाश दर वेळी कडेने ठेवून, मालिकाच घ्यावी लागते. तेव्हा कोठे वर्ष वाचता येते आणि दोन धर्मांच्या प्रार्थनांना साद देणाऱ्या त्या धातूचा जन्म कळतो.

प्रकाशाची व्यवस्था

इतिहासाने शिकविलेले हे धडे आता घरच्या कामाला लावू. यासाठी स्टुडिओ लागत नाही. खोलीची एक मोठी खिडकी, दोन पांढऱ्या चादरी, एक काळे कापड आणि कॅमेऱ्याची तिवई एवढे साहित्य पुरते.

पॉलिश केलेले लाकूड आणि धातू हे आरशासारखे वागतात ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्यावर दिसणारी चमक म्हणजे दिव्याचेच प्रतिबिंब असते. दिवा लहान असला तर प्रतिबिंब लहान व डोळे दिपविणारे. प्रकाशाचे उगमस्थान मोठे केले तर तेच प्रतिबिंब मोठे, मऊ आणि वस्तूचा गोलवा दाखविणारे होते. म्हणून खिडकीवर पांढरी चादर लावावी आणि वाद्य तिच्या एका कुशीला ठेवावे. दुसऱ्या बाजूस दुसरी चादर किंवा पुठ्ठा धरला की सावलीची बाजू उजळते. कॅमेऱ्यावरील फ्लॅश मात्र बंद ठेवावा. तो भोपळ्याच्या मध्यभागी पांढरा डाग पाडतो आणि कोरीव काम सपाट करून टाकतो. पितळी कर्ण्यात छायाचित्रकाराचीच छबी उमटत असेल तर कॅमेऱ्यापुढे काळे कापड धरून त्यास पाडलेल्या भोकातून चित्र घ्यावे. ध्रुवण-गाळणी, म्हणजे पोलरायझर, लाकडावरील चमक कमी करते. धातूवरची करीत नाही. तेथे प्रकाशाची जागा बदलणे हाच उपाय.

खिडकीचा प्रकाश वापरताना खोलीतील ट्यूब आणि बल्ब विझवावेत. दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा, पिवळा बल्ब सुमारे २७०० ते ३००० चा. दोन्ही मिसळले की लाकडाचा खरा रंग कोणता हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. ओल्या काचेने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जी दिशाभूल केली तीच आपण नव्या साधनाने करू. पहिल्या चित्रात वाद्याशेजारी करड्या रंगाचा पुठ्ठा ठेवला तर रंग नंतर जुळविता येतो.

तारा उजळवायच्या असतील तर प्रकाश त्यांना आडवा येऊ द्यावा; तारांच्या लांबीच्या दिशेने आलेल्या प्रकाशात त्या दिसेनाशा होतात. तबल्याची शाई प्रकाश गिळते आणि सभोवतीची पुडी तो परतविते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित अंदाज येथे फसतो. अशा वेळी थोडे उजळ, थोडे मंद अशी दोन-तीन चित्रे घेऊन ठेवावीत.

कॅमेऱ्याची मांडणी

वाद्य हलत नाही. तेव्हा घाई कशाची? तिवईवर कॅमेरा स्थिर करावा, संवेदनशीलता सर्वांत कमी, म्हणजे आय.एस.ओ. १०० ठेवावी आणि छिद्र एफ-८ ते एफ-११ च्या दरम्यान. एवढ्या छिद्राने पुढच्या घोडीपासून मागच्या खुंटीपर्यंत बहुतेक भाग स्पष्ट येतो. एफ-२२ पर्यंत जाण्याचा मोह टाळावा, कारण फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सर्वच चित्र किंचित मऊ पडते. प्रकाश मंद असेल तर पडदा अर्धा-एक सेकंद उघडा राहील. राहू द्यावा! बटण दाबल्याचा धक्का बसू नये म्हणून टायमर लावावा. पंखाही बंद करावा, नाही तर तंबोऱ्याच्या तारा हलतील.

भिंग ५० ते १०० मिलिमीटरचे असावे आणि अंतर दीड-दोन मीटर. जवळून रुंद भिंगाने घेतलेल्या चित्रात सतारीचा भोपळा राक्षसी आणि दांडी काडीसारखी दिसते. उद्या कोणी त्यावरून मापे काढू गेला तर फसेल. मोबाईलचे भिंग मुळात रुंद असते. मोबाईलनेच काम करायचे असेल तर चार पावले मागे जाऊन दुप्पट झूम वापरावा.

समोरून, मागून, दोन्ही कडांनी, वरून व खालून अशी संपूर्ण वाद्याची चित्रे आधी घ्यावीत. मग तपशील : खुंट्या, पडदे, घोडी, जवारी, गजरा, वाद्या, गट्टे, दुरुस्तीचे सांधे. पेटीचे झाकण काढून आतील रीड आणि कारखान्याची पट्टी टिपावी. प्रत्येक गटात एकदा तरी मोजपट्टी शेजारी ठेवावी. चित्र काढण्यापूर्वी वाद्य घासूनपुसून नवे करू नये. पितळेवरचा जुना रंग, बोटांनी झिजलेले पडदे, घामाने काळवंडलेली मान हाच वादकाचा हस्ताक्षरासारखा ठसा असतो. धूळ मऊ ब्रशाने झाडावी, इतकेच.

व्हायोलिनच्या पोटातील चिठ्ठी छिद्रातून प्रकाश सोडून वाचता येते. मात्र तिच्यावर स्त्रादिवारीचे नाव दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत युरोपातील कारखान्यांनी हजारो स्वस्त व्हायोलिनांत हीच चिठ्ठी चिकटविली. छायाचित्र चिठ्ठी दाखविते. चिठ्ठी खरी आहे याची ग्वाही ते देत नाही. साक्षीदार आणि न्यायाधीश यांतला हा फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

नोंद हाच प्राण

अंबरनाथच्या लेखातील तीन अंकांनी मंदिराला काळात जागा मिळवून दिली. तो शक नसता तर आपण केवळ शैलीवरून अंदाज बांधीत बसलो असतो. निनावी, बिनतारखेच्या छायाचित्राची गत अशीच होते. आपल्या घरांतील जुन्या अल्बमांत बँडच्या पोशाखात उभे असलेले तरुण, मांडीवर मेंडोलिन घेतलेले मामा, नाताळच्या रात्रीचा गायनवृंद असे कितीतरी फोटो असतात. पाठीमागे काहीच लिहिलेले नसते. सांगणारे आजोबा गेले की तो फोटो कोणाचाच राहत नाही.

म्हणून प्रत्येक वाद्याच्या चित्रांबरोबर एक पानभर नोंद असावी. वाद्य कोणते, कोणी, केव्हा आणि कोठून घेतले, कोणी वाजविले, कोणत्या प्रसंगी वाजले, दुरुस्ती कोणी केली, मापे किती, छायाचित्र कोणत्या दिवशी घेतले. ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी, अंदाज लिहू नये. वाजण्याच्या स्थितीत असेल तर एकेक स्वर मोबाईलवर टिपून ठेवावा. चित्रांच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि निवडक चित्रे कागदावर छापून धर्मग्रामाच्या दप्तरात द्यावीत. यंत्रे बदलतात, कागद पुष्कळ टिकतो.

हे काम तरुण मंडळींनी अंगावर घेण्यासारखे आहे. एका रविवारी मिस्सानंतर सभागृहाच्या खिडकीशी चादर बांधावी आणि ‘घरातील वाद्य घेऊन या’ असे निवेदन द्यावे. कोकणी, मराठी, तामिळ, मल्याळी घरांतील वाद्ये एका टेबलावर येतील आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या गोष्टी सांगणारी वडीलधारी माणसेही येतील. छायाचित्र घेणाऱ्या मुलाला भाता, जवारी, गट्टे हे शब्द त्यांच्याकडूनच कळतील.

या तीन गावांत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. घर बदलताना कुटुंबे जड वस्तू मागे टाकतात, आणि सर्वांत आधी टाकली जाते ती न वाजणारी पेटी. ती ठेवायला जागा नसेल तर निरुपाय आहे. पण टाकण्यापूर्वी तिला एकदा खिडकीपाशी न्यावे, कडेचा प्रकाश तिच्यावर पडू द्यावा, मोजपट्टी ठेवून सावकाश दहा चित्रे घ्यावीत आणि आईच्या किंवा आजोबांच्या तोंडून तिची हकीकत लिहून घ्यावी. तासाभराचे हे काम आहे.